मिस्टर स्टर्लिंग: दहा भागांत आटोपलेला सिनेटर कुणाला आठवतोय का?

बोरूबहाद्दर

मंडळी, परवा माळा आवरताना जुन्या व्हीएचएस कॅसेटींचं खोकं हाती लागलं. लग्नाच्या कॅसेटीला बुरशी आलेली. तिच्याखाली मात्र एक ठणठणीत कॅसेट निघाली, लेबलवर माझ्याच गिचमिड अक्षरात 'स्टर्लिंग, भाग ५ व ६'. व्हीसीआर केव्हाच भंगारात गेला, त्यामुळे आत काय उरलंय देव जाणे. पण तेव्हापासून तीच मालिका डोक्यात घोळतेय, म्हणून हा धागा.

२००३ साली आम्ही न्यू जर्सीत होतो. शुक्रवारी रात्री आठ वाजता एनबीसी वाहिनीवर 'मिस्टर स्टर्लिंग' ही मालिका लागायची. १० जानेवारीला सुरू झाली, १४ मार्चला गाशा गुंडाळला. दहा शुक्रवार, दहा भाग. शुक्रवारी रात्री आठला तरुण अमेरिकन माणूस घरी सापडत नाही. त्या वेळेला नवी मालिका लावणं म्हणजे तिला काशीयात्रेला धाडणं. आम्ही सापडायचो, कारण नोकरी नवी, गाडी एकच आणि बाहेर बर्फ.

ज्यांनी नावही ऐकलं नसेल त्यांच्यासाठी: कॅलिफोर्नियाचा एक सिनेटर मुदत संपायच्या आत मरतो. रिकामी जागा भरायचा अधिकार गव्हर्नरचा. तो निवडतो बिल स्टर्लिंगला (जॉश ब्रोलिन). हा माजी गव्हर्नरचा मुलगा, तुरुंगात कैद्यांना शिकवणारा, बापाच्या राजकारणापासून चार हात लांब राहिलेला. बाप डेमोक्रॅट, तेव्हा पोरगाही डेमोक्रॅटच, असं सगळ्यांनी धरूनच चाललेलं. त्याला विचारायचं कुणाला सुचलंच नाही. आणि पठ्ठ्या निघतो अपक्ष!

माझ्या मते खरी गोम इथे आहे. अपक्ष म्हटलं की आपल्याला वाटतं, सुटला बुवा, आता हा कुणाचा मिंधा नाही. पण सिनेटमधल्या समित्यांच्या जागा पक्षांमार्फतच वाटल्या जातात. सोवळं नेसून एकटे बसलात तर पंगतीत तुमचं पानच मांडलं जात नाही. कुणाच्या पंगतीला बसायचं आणि बदल्यात काय मागायचं, हा सौदा आदर्शवादी माणसालाही शपथ घेतल्या घेतल्या करावा लागतो. एरवी अशा गोष्टींत नायक भाषण ठोकतो, सभागृह स्तब्ध होतं आणि विधेयक पास. इथे भाषणापेक्षा समितीची खुर्ची महत्त्वाची, हे मालिकेला ठाऊक होतं.

असणारच. मालिका लिहिणारा लॉरेन्स ओडॉनेल आधी सिनेटर डॅनियल पॅट्रिक मोयनिहॅनकडे कामाला होता. मोयनिहॅन सिनेटच्या वित्त समितीचे अध्यक्ष असताना तिचा सगळा कर्मचारीवर्ग १९९३ ते ९५ ओडॉनेलच्या हाताखाली. नंतर तो व्हाइट हाउसवरच्या 'द वेस्ट विंग' मालिकेच्या लेखकांत गेला आणि तिथून ही मालिका. म्हणून स्टर्लिंगपेक्षा स्टर्लिंगचं ऑफिसच मला जास्त खरं वाटायचं.

तर प्रश्न असा: ही मालिका का चालली नाही? भाबडी होती म्हणून, की पुरेशी भाबडी नव्हती म्हणून?

ताकभात

जॉश ब्रोलिन म्हणजे तोच ना, पुढे 'अ‍ॅव्हेंजर्स'च्या सिनेमात थॅनोस म्हणून जांभळा होऊन चुटकीसरशी अर्धं विश्व गायब करणारा? ती चुटकी सिनेटमध्ये असती तर चर्चा थांबवायला साठ मतांची जुळवाजुळव करावी लागली नसती. (हलके घ्या.)

चष्मिष्ट

धागा आवडला, पण 'आदर्शवादी' शब्दाला माझा आक्षेप. गव्हर्नरचा मुलगा, आयती मिळालेली सिनेटची खुर्ची, आणि वर म्हणे मी कुणाचा नाही! बापाच्या नावावर उधारी चालतेय तोवर कुणीही अपक्ष राहील. निवडणूक लढवून, वर्गणी मागून, चार दारं झिजवून आला असता तर मानलं असतं.

आणि गंमत बघा. मालिका सुरू व्हायच्या तीनच आठवडे आधी, २० डिसेंबर २००२ ला, अलास्काचा नवा गव्हर्नर फ्रँक मुर्कोव्स्की याने स्वतःच्याच रिकाम्या झालेल्या सिनेटच्या जागेवर कुणाला नेमलं? स्वतःच्या मुलीला! म्हणजे टीव्हीवर निरागस वारसदार येतोय आणि बातम्यांत खरा वारसा चाललाय. प्रेक्षक कुठल्यावर विश्वास ठेवणार?

बोरूबहाद्दर

@चष्मिष्ट, मुद्दा बिनतोड आहे. पण ती लिसा मुर्कोव्स्की पुढे काय निघाली तेही बघा की. २०१० साली पक्षाच्या प्राथमिक फेरीत हरली. बाई घरी बसल्या नाहीत. मतपत्रिकेवर नाव छापलेलं नसताना, मतदारांनी हाताने नाव लिहून मत द्यायचं, अशा पद्धतीने उभ्या राहिल्या. आडनाव हे असं लांबलचक! लोकांना स्पेलिंग यावं म्हणून प्रचारात नावाची मनगटी पट्टी वाटली. निवडून आल्या. बापाने खुर्ची दिली खरी, पण ती टिकवायला अलास्काच्या माणसांना शुद्धलेखन शिकवावं लागलं.

बाकी बापाच्या त्या नेमणुकीने लोक इतके वैतागले की २००४ मध्ये अलास्काने मतदान घेऊन नियमच बदलला.

कोपऱ्यातला खांब

एक बाळबोध शंका. गव्हर्नरने सरळ माणूस नेमायचा हे काय लोकशाहीत बसतं? आपल्याकडे खासदार गेला की पोटनिवडणूक.

मावळतीचं ऊन

@कोपऱ्यातला खांब, शंका बाळबोध नाही. १९१३ पर्यंत सिनेटर थेट लोकांमधून निवडलेच जात नव्हते, राज्याचं विधिमंडळ निवडायचं. सतराव्या घटनादुरुस्तीने थेट निवडणूक आली. त्याच दुरुस्तीत एक दार ठेवलंय: जागा मध्येच रिकामी झाली तर पोटनिवडणूक होईपर्यंत तात्पुरती नेमणूक करायची मुभा राज्याचं विधिमंडळ गव्हर्नरला देऊ शकतं. काही राज्यांनी ती दिली, काहींनी नाही, काहींनी अटी घातल्या. कॅलिफोर्नियाने दिलीय. कमला हॅरिस उपाध्यक्ष झाल्यावर २०२१ मध्ये अ‍ॅलेक्स पडीया आले ते असेच, आणि २०२३ मध्ये डायन फाइनस्टाइन गेल्यावर लफॉन्झा बटलरही तशाच.

मी कॅलिफोर्नियात तीस वर्षं काढलीत, त्यामुळे थोडं पाल्हाळ चालवून घ्या. मालिकेची कल्पना ऐकली की मला इथला १९६४ चा उन्हाळा आठवतो (वाचलेला हो, पाहिलेला नाही!).

तेव्हाचे सिनेटर क्लेअर एंगल. मेंदूत गाठ, शस्त्रक्रिया झालेली, वाचा गेलेली. १० जून १९६४ ला नागरी हक्क विधेयकावरची लांबलेली चर्चा थांबवायची की नाही यावर मतदान होतं. सिनेटमध्ये बटणं दाबून मत देता येत नाही, आजही नाही. कारकून एकेक नाव पुकारतो आणि सिनेटरने उत्तर द्यायचं. एंगलना चाकाच्या खुर्चीतून सभागृहात आणलं. नाव पुकारलं गेलं. बोलायचा प्रयत्न केला, शब्द फुटेना. मग त्यांनी हात कसाबसा वर नेला आणि स्वतःच्या डोळ्याकडे बोट केलं. इंग्रजीत 'होय'साठीचा 'आय' आणि डोळा यांचा उच्चार एकच! मत नोंदवलं गेलं. तेव्हा ६७ मतं लागायची, पडली ७१.

३० जुलैला ते गेले. गव्हर्नर होते पॅट ब्राउन. त्यांनी जागेवर नेमलं पिअर सॅलिंजरना, म्हणजे केनेडींच्या माध्यम सचिवांना, जे पक्षाची उमेदवारी आधीच जिंकून बसले होते. विरोधकांनी धोशा लावला की हा माणूस कॅलिफोर्नियाचा राहिलाय कुठे, याची मतदार नोंदणी तर व्हर्जिनियात! नोव्हेंबरात सॅलिंजर हरले. कुणाकडून? जॉर्ज मर्फीकडून. मर्फी म्हणजे सिनेमातला नाचणारा नट.

आता हे सगळं कुणी मालिकेत घातलं असतं तर आपणच म्हणालो असतो, अती होतंय.

आणि तेच पॅट ब्राउन! त्यांचा मुलगा जेरी तरुणपणी जेझुइट पाद्र्यांच्या मठात गेला होता. १९७५ मध्ये स्वतः गव्हर्नर झाला, तर सरकारी बंगला नाकारून भाड्याच्या जागेत गादी जमिनीवर टाकून झोपायचा आणि साधी प्लिमथ गाडी वापरायचा. माजी गव्हर्नरचा विरक्त मुलगा म्हटलं की इथल्या माणसाला दुसरं कुणी आठवतच नाही. मी मालिका बघताना नवऱ्याला म्हटलंही होतं, ह्या स्टर्लिंगला एक जुनी प्लिमथ घेऊन द्या रे कुणीतरी.

ताकभात

वा, वा! डोळ्याचा किस्सा वाचून काटा आला.

जाता जाता, तो नाचणारा मर्फी म्हणजे गोळ्या-चॉकलेटांचा मर्फी ना? १९६५ पासून तो सिनेटमधल्या आपल्या बाकाच्या खणात गोळ्या ठेवायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला द्यायचा. तो गेला तरी प्रथा सुरूच आहे, दाराजवळच्या बाकावर जो बसेल त्याने खण भरलेला ठेवायचा. कॅलिफोर्नियाने सिनेटला दिलेली ही सर्वपक्षीय देणगी.

कोपऱ्यातला खांब

धन्यवाद मावळतीताई, इतकं सविस्तर कुणी सांगत नाही. म्हणजे आपल्या पक्षांतरबंदीखाली स्टर्लिंगचं काय झालं असतं हेही बघण्यासारखं आहे. आपल्याकडे अपक्ष म्हणून निवडून आलेला नंतर एखाद्या पक्षात शिरला की खुर्ची जाते. नियुक्त सदस्याला मात्र सहा महिन्यांची सवड. तिकडे काहीच बंधन नाही?

बोरूबहाद्दर

काही नाही. २००१ चंच उदाहरण. सिनेट ५०-५० अशी दुभंगलेली. व्हरमाँटचे जिम जेफर्ड्स मे महिन्यात रिपब्लिकन पक्ष सोडून अपक्ष झाले आणि डेमोक्रॅटांच्या पंगतीला बसले. एका माणसाने जागा बदलली आणि अख्खं सभागृह फिरलं. बक्षीस म्हणून पर्यावरण व सार्वजनिक बांधकाम समितीचं अध्यक्षपद मिळालं. (योगायोग असा की १९९२-९३ मध्ये त्याच समितीचं ऑफिस ओडॉनेल सांभाळत होता.) आणि जानेवारी २००३ मध्ये रिपब्लिकन ५१ झाले तशी जेफर्ड्सची खुर्ची गेली.

म्हणजे नेमका टीव्हीवरचा अपक्ष शपथ घेत होता तेव्हा खऱ्या अपक्षाचा भाव पडला होता. दैव बघा एकेकाचं.

रातकिडा

दोन्ही पक्षांबाहेरचा अजून एक खरा सिनेटर राहिला की! मिनेसोटाचे पॉल वेलस्टोन २५ ऑक्टोबर २००२ ला विमान अपघातात गेले. गव्हर्नर होता जेसी व्हेंचुरा, माजी कुस्तीवीर. त्याने दोन्ही पक्षांना ठेंगा दाखवून तिसऱ्याच छोट्या पक्षाच्या डीन बार्कलीला नेमलं. बार्कली साहेब ३ जानेवारी २००३ पर्यंत, म्हणजे जेमतेम दोन महिने सिनेटर. ते घरी गेले आणि एका आठवड्यात 'मिस्टर स्टर्लिंग' सुरू. दहा भागांचा सिनेटर आणि दोन महिन्यांचा सिनेटर, जोडी झकास.

आता मूळ प्रश्नाकडे. मला वाटतं मालिका पडली ती ह्या 'अपक्ष' प्रकरणामुळेच. बोरूभाऊंना जी ताकद वाटते तीच मला पळवाट वाटते. टीव्हीवाल्यांना निम्मे प्रेक्षक दुखवायचे नसतात, म्हणून नायकाला पक्षच द्यायचा नाही. दोन वर्षांनी एबीसीने तेच केलं. 'कमांडर इन चीफ', २००५. जीना डेव्हिस उपाध्यक्ष, अध्यक्ष मरतो, ही अध्यक्ष होते. आणि ती कोण? अपक्ष! सुरुवात धडाक्यात, बाईंना गोल्डन ग्लोबही मिळालं, पण मूळ लेखकाला मध्येच काढून दुसरा आणला, वेळा बदलत राहिले आणि अठरा भागांत दुकान बंद.

उलट 'वेस्ट विंग'चा राष्ट्राध्यक्ष बार्टलेट? खणखणीत डेमोक्रॅट. दडवादडवी नाही. सात सीझन चालला. ज्याला पक्ष असतो त्याला शत्रू असतात, आणि शत्रू असले की गोष्ट असते. अपक्ष नायकाचं भांडण शेवटी कुणाशी? तर 'व्यवस्थे'शी. व्यवस्थेचं काम कुठला नट करणार?

चष्मिष्ट

+१. सुज्ञ, सज्जन, सर्वांचा. असला माणूस आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होता. सहा महिन्यांत गच्चीची गळतीही राहिली आणि तोही गेला.

बोरूबहाद्दर

@रातकिडा, पळवाट म्हणता ते 'कमांडर इन चीफ'बाबत शंभर टक्के मान्य. तिथे अपक्ष असण्याची किंमत फारशी कुणी मोजली नाही. पण स्टर्लिंगचं अपक्षपण हा कथेतला घोळ आहे हो, दागिना नाही. त्याला नेमणारा गव्हर्नर फसलाय, पक्षाचे पुढारी डोक्याला हात लावून बसलेत, आणि ऑफिसातल्या लोकांना कळत नाहीये की उद्यापासून आपण नक्की कुणासाठी काम करतोय. पहिल्या भागाची मजा त्या गोंधळातच आहे.

आणि पक्ष असला की मालिका चालते हेही तितकंसं खरं नाही. चालायचं नशीब बऱ्याचदा वेळापत्रक लिहिणाऱ्याच्या हातात असतं. १९७० मध्ये एनबीसीवरच 'द सेनेटर' नावाची मालिका होती, हॅल होलब्रुक त्यात सिनेटर. आळीपाळीने दाखवायच्या मालिकांच्या एका मोठ्या गाठोड्यातली ती एक. एकूण आठ भाग. विद्यापीठात नॅशनल गार्ड या राखीव सैन्याच्या गोळीबारात विद्यार्थी मरतात, त्याच्या चौकशीवर दोन भाग आहेत. ओहायोच्या केंट स्टेट विद्यापीठात तसा गोळीबार मे १९७० मध्ये झालेला, म्हणजे जखम ओली होती. १९७१ चं सर्वोत्तम नाट्यमालिकेचं एमी मिळालं, होलब्रुकलाही मिळालं. पुढचा सीझन? नाही.

फुलवात

तुम्ही सगळे स्टर्लिंगवरून भांडताय, पण मला तर ती त्याच्या ऑफिसातल्या जॅकी ब्रॉकची मालिका वाटायची. ऑड्रा मॅकडॉनल्ड! बाईंकडे तेव्हाच रंगभूमीची तीन टोनी पारितोषिकं होती (आता सहा). ह्या मालिकेत एक ओळही गायची नाही, नुसतं फायली धरून साहेबाच्या मागे-पुढे चालायचं. आणि तरीही नजर तिच्यावरच. साहेबाला काय माहीत नाही हे तिला माहीत, आणि आपल्याला माहीत आहे हे साहेबाला किती कळू द्यायचं, तेही तिला माहीत.

मी मंत्रालयात एकोणतीस वर्षं काढलीत, तीन खाती पाहिली. नवीन साहेब येतो तो दिवस वेगळाच असतो. साहेब उत्साहाने टेबलावरची फाइल उघडतो, पान उलटतो, आणि टिपणी कुठून वाचायला सुरुवात करायची हेच त्याला कळत नाही. मग आपण शांतपणे फाइल फिरवून, बोट ठेवून म्हणायचं, 'साहेब, इथून.' त्या पहिल्या 'इथून'मध्ये ठरतं की पुढची पाच वर्षं कशी जाणार. काही साहेब बोटाकडे बघतात, काही आपल्याकडे रागाने बघतात. ऑड्राचा चेहरा बघताना मला सारखं ते बोट आठवायचं.

भाबडेपणाचं म्हणाल तर साहेब भाबडा चालतो. ऑफिस भाबडं असलं की बुडालंच.

मावळतीचं ऊन

फुलवात, काय लिहिलंयस गं! वेगळा धागा काढ ह्यावर.

म्हाताऱ्या बापाचं कुणी नावच घेतलं नाही. जेम्स व्हिटमोर! ऐंशी उलटलेली होती. 'शॉशँक रिडेम्प्शन' सिनेमातला, तुरुंगातून सुटून आलेला, बाहेरच्या जगात न रमलेला तो ग्रंथपाल म्हातारा आठवतो ना? तोच. इथे माजी गव्हर्नर. मुलाने आपला पक्ष नाकारला ह्याचा राग, आणि त्याच वेळी पोराच्या हिमतीचं कौतुक, हे दोन्ही एकाच चेहऱ्यावर.

ताकभात

आणि ब्रोलिनचं पुढचं राजकीय करिअर? २००८ मध्ये त्याने एका चित्रपटात धाकटे बुश रंगवले. त्याच वर्षी दुसऱ्यात डॅन व्हाइट, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोत नगरप्रतिनिधी हार्वी मिल्क आणि महापौर मॉस्कोनी यांना गोळ्या घालणारा माजी नगरप्रतिनिधी. ऑस्करचं नामांकन ह्या दुसऱ्यासाठी. सज्जन सिनेटर झाला तेव्हा कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं!

रातकिडा

ज्या कॅलिफोर्नियात टीव्हीवरचा सिनेटर दहा भागांपुढे टिकला नाही, तिथल्या लोकांनी त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला खऱ्या गव्हर्नरला मुदतीआधी परत बोलावून त्या जागी श्वार्झनेगरला बसवलं. नटाला राजकारणी केलं, राजकारण्याचं काम करणाऱ्या नटाला घरी पाठवलं.

बोरूबहाद्दर

तारखांवरून एक राहिलं. शेवटचा भाग १४ मार्चचा. पाचच दिवसांनी, १९ मार्चच्या रात्री, इराकवर हल्ला सुरू झाला. त्या आठवड्यांत घराघरांत टीव्हीवर वाळवंटातले रणगाडे होते. समितीत जागा कशी मिळवावी हे कोण बघत बसणार होतं? आणि २६ मार्चला मोयनिहॅन वारले. ओडॉनेलची मालिका आणि ओडॉनेलचा गुरू, दोन्ही एकाच पंधरवड्यात. त्यानंतर तो माणूस हळूहळू बातम्यांकडे वळला. २०१० पासून एमएसएनबीसी या वृत्तवाहिनीवर (२०२५ पासून तिचं नाव एमएस नाऊ) रात्री बसतो आणि सिनेटचे नियम समजावून सांगतो.

चष्मिष्ट

ठीक आहे, अर्धा माघार घेतो. घराणेशाहीचा मुद्दा कायम, पण मालिका बघायला हवी असं वाटू लागलंय. कुठे मिळेल?

बोरूबहाद्दर

(तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय.)

एका कॅसेटवाल्याकडून ती डिजिटल करून घेतली. दुकानात पोरगा म्हणाला, काका, यात लग्न आहे की मुंज? म्हटलं, शपथविधी.

भाग पाच पूर्ण आहे, जाहिरातींसकट. भाग सहा म्हणजे १४ फेब्रुवारीचा. पडद्याच्या खालून हिमवादळाच्या इशाऱ्याची पट्टी सरकतेय, सगळ्या काउंट्यांची नावं एकामागून एक. तो आठवडा तिथे होते त्यांना आठवत असेल, सोमवारी दार उघडेना. तर स्टर्लिंग कॉरिडॉरमधून तावातावाने चाललाय, जॅकी काहीतरी सांगायला तोंड उघडते, आणि फट्‌! थेट आमचा स्वयंपाकघराचा ओटा, केक, आणि फुगे फोडणारा माझा दोन वर्षांचा मुलगा. सौ.ने त्यावरच वाढदिवस घेतलेला. बावीस मिनिटं वाढदिवस, मग नुसती मुंग्यांची खरखर.

मुलाला दाखवलं. तो म्हणाला, ती बाई काय सांगणार होती? मी म्हटलं, आठवत नाही.

फुलवात

'इथून' म्हणणार होती.

चष्मिष्ट

पाचवा भाग तरी पाठवा. व्यक्तिगत निरोप करतोय.